कोकम (रातांबा)

कोकम हा पश्चिम घाट आणि त्याच्या पायथ्याच्या किनारपट्टीत मूळचा वाढणारा सदाहरित वृक्ष आहे. शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका, कुल क्लुसिएसी. दक्षिण कोकण, गोवा आणि उत्तर कन्नड हा त्याचा खास मुलूख. परसात, कुंपणाच्या कडेला, ओढ्याकाठच्या रानात तो दिसतो. पिकलेले लालजांभळे फळ म्हणजे रातांबा, गोव्यात भिरंड. वाळवलेली साल म्हणजे आमसूल किंवा सोल. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी या फळाची दखल घेतली आहे.

नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. बियांपासून उगवलेले रोप फुलोऱ्यावर येईपर्यंत, म्हणजे बरीच वर्षे, ते कोणते हे कळत नाही. म्हणून आता लागवडीसाठी कलमेच घेतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही जात निवडून दिली आहे.

आमसुले करणे हे उन्हाळ्यातले चिकाटीचे काम. एप्रिल-मेमध्ये उतरवलेले रातांबे धुऊन चिरतात, बिया आणि गर मिठात घालून ठेवतात. साली कडक उन्हात वाळवतात, मग त्या खारट रसात बुडवून पुन्हा वाळत घालतात. अशी रसाची पुटे जितकी जास्त, तितके आमसूल काळेभोर, मऊ आणि आंबट. एकदोन पुटांवर उरकलेले फिके आमसूल बाजारात बरेच मिळते. आमटीला त्याची चव पुरत नाही. मिठात मुरलेला गाळीव रस म्हणजे आगळ. साखर घालून केला तो सरबताचा अर्क. आम्लामुळे हे सगळे चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीतच ठेवायचे.

नारळाच्या दुधात आगळ, लसूण, मिरची घातली की सोलकढी होते. नारळ नसेल तर गोव्यात पाण्यातच फुटी कढी करतात. बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या आमटीत आंबटपणा सोलांचाच. ब्राह्मणी घरांत आमटीला गुळाच्या जोडीने आमसूल पडते आणि श्राद्धाच्या पानात आमसुलाची चटणी लागते.

टाकून द्यावे असे या फळात काही उरत नाही. बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारी चरबी निथळून हाताने वळून गोळे करतात. हे मुठेल, गोव्यात भिरंडेल. ते चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास वितळत असल्याने कोकणच्या उकाड्यातही घट्ट राहते आणि ऊब दिली की पातळ होते. भेगाळलेल्या टाचा, फुटलेले ओठ, भाजल्याचे व्रण यांवर ते लावतात. भाकरीवर खाण्याचीही चाल होती.

आयुर्वेदातले वृक्षाम्ल म्हणजे कोकम, असे बहुतेक वैद्य मानतात. चरकसंहितेत हृदयाला हितकर अशा दहा द्रव्यांत त्याचे नाव येते. घरगुती वापर मात्र याहून साधा आहे. अंगावर पित्त उठले, गांधी आल्या, की आमसुले पाण्यात कोळून ते पाणी प्यायला देतात आणि अंगालाही चोळतात. अपचनावर, उन्हाच्या तलखीवर सरबत. आव पडत असेल तर मुठेल भातातून. या उपचारांत औषध आणि अन्न वेगळे काढता येत नाही, आणि हीच या परंपरेची खरी ताकद आहे. दुखणे लांबले तर अर्थातच डॉक्टरांकडे जावे.

सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल, गार्सिनॉल आणि लाल रंग देणारी अँथोसायनिने असतात. यातील आम्लाच्या नावावर वजन घटवण्याच्या गोळ्या खपतात. त्या बहुधा केरळातल्या कुडमपुळी या भावंड जातीच्या अर्कापासून केलेल्या असतात, त्यांचा लाभ नीट सिद्ध झालेला नाही आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. जेवणातल्या चार आमसुलांशी या गोळ्यांची बरोबरी करणे चूक आहे.

उशिरा पिकणारी फळे पावसात सापडतात. ऊन नसले की सोले बुरशीला बळी पडतात, आणि बरेच रातांबे झाडाखालीच कुजतात. म्हणून वळवाचा अंदाज घेऊन अनेक घरे अखेरच्या फळांची आमसुले न करता आगळच काढतात. त्याला उन्हाची गरज नसते.