पेडर रोडवरचा गोळा

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी सकाळी पेडर रोडच्या चढावर तासभर उभं राहून बघा. मुंबई मॅरेथॉनचे पस्तीसेक किलोमीटर संपवून लोक तिथे पोचलेले असतात. मधल्या दुभाजकाला धरून एखादा एका पायावर उभा असतो आणि त्याच्या पोटरीत, कातडीखाली उंदीर पळावा तशी हालचाल चाललेली असते. गोळा आलेला असतो. कुणी पळत येऊन स्प्रे मारतं, कुणी मीठ लावलेली संत्र्याची फोड पुढे करतं. मग एखादा जाणता खाली बसतो, टाच तळहातावर घेतो आणि पायाची बोटं नडगीच्या दिशेने रेटून धरतो. जरा वेळात गोळा सुटतो. श्रेय मात्र संत्र्याला मिळतं.

मिठाची कीर्ती उगाच झालेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधले कोळसा खाणकामगार, आगबोटींच्या भट्ट्यांवरचे कामगार आणि पुढे १९३०च्या दशकात अमेरिकेत हूव्हर धरणावर राबणारे मजूर अशाच गोळ्यांनी हैराण झाले होते. प्रचंड उष्णता, तासन्‌तास घाम आणि वर नुसतं साधं पाणी. त्यांना खारट पाणी दिल्यावर आराम पडला. त्यांच्यापुरतं ते निदान बरोबरच होतं. पण ते जसंच्या तसं धावणाऱ्यांना लागू केलं गेलं, आणि पुढे कितीतरी रंगीत सरबतं त्यावर खपली.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनला ‘टू ओशन्स’ नावाची ५६ किलोमीटरची शर्यत होते. तिथले संशोधक मार्टिन श्वेलनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळे आलेल्या आणि न आलेल्या धावपटूंचं रक्त तपासून ताडून पाहिलं. क्षारांत किंवा अंगातल्या पाण्यात, गोळ्याचं कारण म्हणून बोट दाखवावं असा फरक सापडला नाही. साधा तर्कही तेच सांगतो. रक्तातलं मीठ घटलं तर ते सगळ्या अंगात घटेल. मग गोळा नेमका उजव्याच पोटरीत का? भरपूर घाम गाळणाऱ्या काहींच्या बाबतीत मिठाचा वाटा असेलही, तो वाद अजून मिटलेला नाही. पण सरसकट दोष मिठाला देता येत नाही. शिवाय भीतीपोटी दिसेल त्या टेबलावर थांबून पाणी पीत सुटणंही बरं नाही. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणाबाहेर उतरलं होतं, आणि त्याचा सगळ्यात ठळक संबंध शर्यतीत वाढलेल्या वजनाशी, म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्यालेल्या पाण्याशी होता.

श्वेलनस यांनी १९९७ साली मांडलेलं स्पष्टीकरण मज्जासंस्थेकडे बोट दाखवतं. स्नायूच्या आत काही बारीक तंतू असतात. स्नायू ताणला गेला की ते मज्जारज्जूला ‘आवळ’ असा निरोप धाडतात. स्नायू जिथे हाडाला बांधलेला असतो त्या दोरीत, म्हणजे कंडरेत, दुसरे पहारेकरी असतात. इटालियन शास्त्रज्ञ गॉल्गी यांच्या नावाने ते ओळखले जातात. दोरीवर ताण आला की ते ‘पुरे, सोड’ म्हणतात. एरवी दोघांचं बरं जमतं. स्नायू दमला की मात्र पहिल्याची ओरड वाढते आणि दुसऱ्याचा आवाज बसतो. स्नायू आधीच आखडलेल्या स्थितीत असेल तर दोरी ढिली, म्हणजे दुसरा जवळपास मुकाच. रात्री झोपेत पाऊल खाली ताणलं की पोटरी अचानक धरते, तेव्हा पाय याच स्थितीत असतो. बोटं नडगीकडे रेटली की दोरी ताणली जाते, गॉल्गीचे पहारेकरी जागे होतात आणि गोळा सुटतो.

लोणच्याचा प्रयोग तर फारच मजेशीर आहे. २०१० साली अमेरिकन संशोधकांनी तरुणांना सायकल चालवून घाम गाळायला लावलं आणि विजेच्या झटक्यांनी त्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत मुद्दाम गोळा आणला. मग कधी व्हिनेगरमधल्या काकडीच्या लोणच्याचा खार पाजला, कधी पाणी. खार प्यायल्यावर गोळा सरासरी ४९ सेकंद आधी सुटला. इतक्या कमी वेळात पोटातलं मीठ रक्तात पोचत नाही. म्हणजे घशाला बसलेल्या आंबट झणक्यानेच मज्जातंतूंचं लक्ष वळवलं असावं. आपल्या तेलकट कैरीच्या लोणच्यावर असा प्रयोग वाचनात नाही. कुणी करणार असेल तर माझी पोटरी हजर आहे.

मग गोळा येतो कुणाला? दक्षिण आफ्रिकेतल्याच अभ्यासांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या: ज्याला पूर्वी आला आहे त्याला, आणि जो सरावापेक्षा जास्त वेगाने शर्यत पळतो त्याला.

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला जाणारे इथेच फसतात. यवतेश्वरचा घाट चढायची धास्ती सगळ्यांना असते, म्हणून चढाचा सराव होतो. परतीचा उतार म्हणजे फुकटची मजा वाटते. पण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच वजन तोलून धरतो, आणि स्नायूला सगळ्यात जास्त इजा याच कामात होते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला लोंबकळणारे लोक म्हणजे त्याचा जिवंत पुरावा. गंमत म्हणजे स्नायू हे लक्षात ठेवतो: एकदा बेताने उतार पळून ठेवला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने कमी दुखतं.

दुखापतीचंही असंच आहे. आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त अंतर वाढवू नका, हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. नेदरलँड्समध्ये नवख्या धावपटूंवर तो तपासला, तर तसा बेताने वाढवणारा गट आणि नेहमीचा गट, दोन्हींत वीसेक टक्के लोक जायबंदी झाले. २०२५ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या नोंदी चाळल्या. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकच धाव घात करते, असं त्यांना दिसलं: मागच्या महिन्यातल्या सर्वांत लांब पल्ल्यापेक्षा दहा टक्क्यांहून मोठी मजल एका दमात मारली की धोका वाढतो. ‘मित्र पंधरा पळतायत, मीही येतो’ ही ती मजल.

धावणं सुटतं तेही बहुधा अशाच घाईने. पहिली दोन-तीन मिनिटं स्नायूंची प्राणवायूची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ बसलेला नसतो. तेवढ्यात वेग घेतला की जीव नकोसा होतो आणि उद्याचा गजर बंद होतो. सवयीबद्दल मात्र दिलासा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २०१०च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाचा अंदाज २५४ दिवसांवर गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने काही बिघडलं नाही.

मी पहिला किलोमीटर इतका सावकाश पळतो की मंडईकडे निघालेले एक सायकलवाले आजोबा मला रोज मागे टाकतात. पुढे गेल्यावर एकदा वळून बघतात आणि घंटी वाजवतात.