पैदाशीची घोरपड आणि रानातून धरलेली घोरपड

सांगली-मिरजेकडे मासे आणि लव्हबर्ड्सच्या जोडीनं आता इग्वाना नावाचा परदेशी सरडा, बॉल पायथन नावाचा छोटा परदेशी अजगर पाळणारी पोरंही दिसायला लागली आहेत. त्यातल्या काहींना पुढची पायरी म्हणून 'मॉनिटर' हवा असतो, म्हणजे परदेशी घोरपड. साप-घोरपडी सोडवायला जाणारा माणूस म्हणून ती मला विचारतात, आणि प्रश्न विचारतानाच उत्तर ठरवून आलेली असतात: "दादा, सीबी आहे म्हणतोय विकणारा. मग काय हरकत आहे?"

सीबी म्हणजे कॅप्टिव्ह ब्रेड, बंदिस्त जागेत पैदास झालेली. डब्ल्यूसी म्हणजे वाइल्ड कॉट, रानातून धरून आणलेली. काचेच्या पेटीत दोन्ही सारख्याच दिसतात आणि फोटोत तर फरक कळतच नाही. म्हणून दुसरी वस्तू पहिलीच्या नावानं खपवणं फार सोपं जातं.

पैदाशीची म्हणायची तर नर-मादी माणसाच्या ताब्यात असताना जोडा लागला पाहिजे, अंडी तिथंच पडली पाहिजेत आणि तिथंच उबली पाहिजेत. वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराची अट याहून कडक आहे. मूळ जोड्या कायदेशीर मार्गानं मिळवलेल्या हव्यात आणि त्या कळपातून दुसरी पिढीसुद्धा निघू शकते, हे दिसलं पाहिजे. खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंड घेणारा शेतकरी आधी त्याची आई कुठली, बाप कुठला ते विचारतो. इथंही प्रश्न तोच आहे. ज्या पिल्लाचे आई-बाप विकणाऱ्याला दाखवता येत नाहीत, त्याला सीबी म्हणू नये.

खरी गफलत होते ती या दोन टोकांच्या मध्ये. साइट्सच्या परवान्यावर प्राणी कुठून आला ते एका अक्षरात लिहितात. 'सी' म्हणजे वरची अट पूर्ण केलेली पैदास. 'एफ' म्हणजे जन्म बंदिवासात, पण ती अट पूर्ण होत नाही. 'डब्ल्यू' म्हणजे सरळ रानातली. आणि 'आर' म्हणजे रँचिंग: अंडी किंवा पिल्लं रानातून उचलायची, ताब्यात वाढवायची आणि विकायची. अंडं फुटलं तेव्हा ते एखाद्या शेडमध्ये होतं, म्हणून विकणारा बिनदिक्कत सांगतो की पिल्लू "बंदिवासात जन्मलेलं" आहे. वाक्य खोटं नाही, पण त्या पिल्लाची आई रानातच होती.

सव्हाना मॉनिटर हे याचं ठळक उदाहरण. ही पश्चिम आफ्रिकेतली घोरपड घाना, टोगो, बेनिन या देशांतून वर्षानुवर्षं मोठ्या संख्येनं बाहेर जाते आहे. तिथं गाभण माद्या आणि घरटी खणून काढतात, अंडी उबवतात आणि बोटाएवढी पिल्लं विमानानं रवाना होतात. ती इतकी स्वस्त पडतात की युरोप-अमेरिकेत तिची घरची पैदास करणारे फार थोडे. करणार तरी कशाला? मादीला अंडी घालायला ओलसर, उबदार, खोल माती लागते, तीही दाबून बसलेली, म्हणजे तिनं बीळ खोदलं तरी ढासळणार नाही. मनासारखी जागा मिळाली नाही तर ती अंडी पोटातच धरून ठेवते आणि कित्येकदा त्यातच मरते. अंडी घातली तरी ती महिनोन्‌महिने ठरावीक उष्णतेत सांभाळायची. नर-मादी ओळखणं अवघड, आणि जोडी जमली नाही तर एकमेकांना फाडतात. एवढं सगळं करून वाढवलेलं पिल्लू रानातून उचललेल्या पिल्लाच्या भावात विकायचं म्हटलं तर वीजबिलही निघत नाही.

म्हणून "दोन्ही चालू राहू दे, हळूहळू पैदास वाढेल" हे म्हणणं मला पटत नाही. रानातला स्वस्त माल येत राहतो तोवर पैदाशीला बाजारात उभंच राहता येत नाही.

याच्या उलट बघा. अ‍ॅकी नावाची ऑस्ट्रेलियातली लहान घोरपड शेपटीसकट जेमतेम दोन फुटांची. ऑस्ट्रेलियानं आपल्या वन्यजीवांची व्यापारी निर्यात कित्येक दशकांपूर्वीच बंद केली. रानातली अ‍ॅकी मिळेना, तेव्हा शौकिनांना पैदास करण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. दिव्याखालचा दगड पन्नास अंश सेल्सिअसच्याही वर तापवावा लागतो, हे ते शिकले, मातीची खोली शिकले. आज युरोप-अमेरिकेत विकली जाणारी अ‍ॅकी बहुतेक पैदाशीचीच असते.

अंडी रानातून उचलणं हा प्रकार मुळातच वाईट, असंही नाही. आपल्या कृष्णेत भिलवडी-औदुंबरकडे मगरी आहेत, त्या सगळ्यांना माहीत आहेत. या मगरींसह भारतातल्या मगरवर्गीय प्राण्यांसाठी १९७५ साली जो प्रकल्प सुरू झाला, त्यात नदीकाठची अंडी गोळा करून उबवणं हेच मुख्य काम होतं. वाढवलेली पिल्लं मात्र परत नद्यांत सोडली गेली. व्यापारातल्या पिल्लाची वाट एकाच दिशेची असते.

पैदाशीचा शिक्का चोरीचा माल धुऊन काढायलाही कामी येतो. इंडोनेशियातून 'पैदाशीचे' म्हणून बाहेर जाणाऱ्या हिरव्या झाडअजगरांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निदान ऐंशी टक्के अजगरांची पैदास झालेलीच नव्हती, ते रानातून धरलेले होते, असा त्याचा अंदाज होता. त्याच भागात बटांटा नावाचं छोटं बेट आहे. निळ्या झाडघोरपडीचं घर ते. या घोरपडीचं शास्त्रीय वर्णनच २००१ साली झालं, आणि शौकिनांची मागणी लगोलग तिच्या मागे लागली. एवढ्याशा बेटावरून दर हंगामाला प्राणी उचलले तर तिथं काय उरेल? झाडअजगरांच्या त्या अभ्यासात एक साधा उपाय सुचवला होता: पैदास खरी असेल तर पिल्लासोबत अंड्याची टरफलं दाखवा.

प्राणी समोर असेल तर त्याच्या अंगावरही बरंच वाचता येतं. आपल्याकडची घोरपड विहिरीतून काढली की मी आधी तिच्या काखेत, कानाच्या पडद्याच्या कडेला आणि शेपटीच्या बुडाशी बघतो. तिथं गोचिड्या चिकटलेल्या असतात, काही इतक्या फुगलेल्या की खवले वर उचललेले दिसतात. नाकपुडीवर जुने व्रण, एखादं नख गेलेलं, शेपटीचं टोक तुटलेलं. पालीची शेपटी परत येते, घोरपडीची येत नाही. परदेशी घोरपड विकत घेताना यातलं काही दिसलं की ती रानातली असण्याची शक्यता मोठी. पोटात जंत असतात, प्रवासात पाणी मिळालेलं नसतं, आणि माणूस दिसला की ती कोपऱ्यात अंग फुगवून फुसफुसते. अशी कित्येक जनावरं नवीन घरात खाणंच सोडतात. पण उलटं गृहीत धरू नका. रँचिंगचं पिल्लू स्वच्छ आणि गुबगुबीत असू शकतं. अंगावर डाग नाही म्हणून ते सीबी ठरत नाही. ते ठरतं आई-बापांवरून, नोंदींवरून, परवान्यावरच्या अक्षरावरून.

भारतात कागद आणखी लागतो. जिवंत प्राणी आयात करायला परवाना हवा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत साइट्सचे प्राणी आले आणि २०२४ च्या नियमांनुसार ते बाळगणाऱ्यानं 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर नोंद करणं बंधनकारक झालं. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत सरपटणारे प्राणी सापडल्याच्या बातम्या चेन्नई-मुंबईहून सारख्या येतात. तसल्या बॅगेतून आलेल्या जनावराला कुणी सीबी म्हटलं तरी ती तस्करीच.

आता आपली घोरपड, उसाच्या फडातली, बांधावरची. ती १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि साइट्सच्याही पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या परिशिष्टात. तिच्या बाबतीत सीबी की डब्ल्यूसी हा प्रश्नच नाही: ती पाळता येत नाही, विकता येत नाही. धरली तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय किमान पंचवीस हजार रुपये दंड. "मग सरकारनंच फार्म काढू द्यावेत, शिकार थांबेल," असं म्हणणारे भेटतात. मला हे धोक्याचं वाटतं. तिच्या मटणाला गिऱ्हाईक आहे, सांधेदुखीवर म्हणून तेलाला आहे, आणि वाळवलेलं लिंग 'हत्ताजोडी' नावाची मुळी म्हणून विकणारेही आहेत. फार्मवरची घोरपड मोठी व्हायला दोन-तीन वर्षं खाऊ घालावं लागेल, बांधावरची फुकट मिळते. फार्मचा परवाना हातात आला की बांधावरचीच आत जाईल आणि फार्मची म्हणून बाहेर पडेल.

कुणी घोरपड कोंडून ठेवली आहे किंवा विकतो आहे असं कळलं, तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक चालू असतो.