गाडीचे नुकसान आणि दुरुस्तीखर्च (मोटारशर्यतीचे व्हिडिओ गेम)

मोटारशर्यतीच्या गेममध्ये धडकेमुळे गाडीला होणारी इजा मोजायची आणि ती खेळाडूकडून पैसे, वेळ किंवा गुण यांच्या रूपात वसूल करायची, या व्यवस्थेला ढोबळमानाने ‘डॅमेज’ म्हणतात. इजा मोजण्याचे काम भौतिकशास्त्राचे गणित करते. बिलाचा आकडा मात्र गेम रचणारे हाताने बसवतात, आणि तो बसवताना त्यांच्यासमोर गॅरेजचे दरपत्रक नसते. शर्यतीचे बक्षीस असते. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात बंपर बदलायला आणि पत्रा ठोकून घ्यायला किती लागतात, हे घराघरात ठाऊक असते. त्यामुळे लाखाची गाडी पार चेपली तरी बिल किरकोळ, आणि महागड्या गाडीला नुसता ओरखडा आला तरी बिल भरमसाट, हा प्रकार इथल्या नव्या खेळाडूला आधी चुकीचाच वाटतो. बक्षिसाच्या बाजूने पाहिले की तो हिशेब जुळतो.

इजा कशी मोजतात

धडक झाली की गेम आधी वेग आणि वजन यांवरून आघात काढतो. १,२०० किलोची गाडी ताशी ६० किमी वेगाने भिंतीवर सरळ आदळली, तर सुमारे १६७ किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. वेग निम्मा, म्हणजे ३० असेल तर जेमतेम ४२, आणि दुप्पट, म्हणजे १२० असेल तर ६६७. ‘थोडाच तर ब्रेक उशिरा लागला’ आणि तरी गाडी कामातून गेली, याचे कारण हा वर्गाचा हिशेब : वेग दुप्पट, तर ऊर्जा चौपट.

कोनाचा परिणाम तर त्याहून मोठा. इजा करतो तो भिंतीच्या दिशेने असलेला वेग. तीच गाडी ६० च्या वेगाने १० अंशाच्या कोनात भिंतीला घासली, तर भिंतीच्या दिशेचा वेग उरतो ताशी साडेदहा किमीच्या आसपास, आणि ऊर्जा सरळ धडकेच्या फक्त ३ टक्के. बहुतेक गेम ठरावीक मर्यादेखालचा आघात सोडूनच देतात, नाहीतर कडेच्या पट्टीवरून चाक गेले तरी बिल लागेल. या दोन गोष्टी जुळल्या की पळवाट तयार होते : वळणावर ब्रेकच न मारता गाडी भिंतीला टेकवायची आणि भिंतीच्या आधारानेच वळण घ्यायचे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेतील मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकवर रॉस चॅस्टेन या चालकाने शेवटच्या फेरीत खऱ्या गाडीने हेच केले, पाच जागा पुढे गेला आणि हंगामाच्या विजेतेपदासाठीच्या अंतिम चौघांत पोचला. ही युक्ती लहानपणी गेमक्यूब या कन्सोलवर ‘नासकार २००५’ हा गेम खेळताना सापडली होती, असे त्याने नंतर सांगितले. पुढच्या हंगामापासून नासकारने, म्हणजे ही शर्यत भरवणाऱ्या संस्थेने, तिला दंड लावायचे ठरवले. गेममध्ये ही फट बुजवायची तर एकेका आघाताबरोबर घर्षणाचाही हिशेब ठेवावा लागतो : भिंतीला चिकटून गेलेल्या प्रत्येक सेकंदामागे थोडी इजा. ज्या गेममध्ये तो नाही, तिथे ऑनलाइन शर्यतीत कोणीतरी भिंतीवरून येणारच.

मोजलेला आघात मग भागांवर वाटला जातो. पुढून लागले तर रेडिएटर, बाजूने लागले तर सस्पेन्शन आणि स्टिअरिंग, मागून लागले तर बहुधा फक्त पत्रा. ‘डिस्ट्रक्शन डर्बी’ (१९९५) या गेमने हे चोख केले होते. गाडीच्या चहूबाजूंची इजा वेगळी दाखवली जायची आणि समोरून ठोकत राहिले की पाणी तापून इंजिन बसायचे. म्हणून तिथले मुरलेले खेळाडू गाडी उलटी घालून मागच्या बाजूने ठोकत.

दिसणारे नुकसान आणि चालवताना जाणवणारे नुकसान या मुळात दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. बंपर लोंबकळतो, काच तडकते, पण गाडी सरळच पळते, असे गेम पुष्कळ आहेत. उलटही घडते : गाडी चकचकीत आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढते. गाड्यांची खरी नावे वापरायला कंपन्यांची परवानगी लागते, आणि आपली गाडी चक्काचूर झालेली दाखवायला त्या सहसा तयार नसतात. दिसणारे नुकसान हात राखून दाखवण्यामागे हेही कारण आहे. ‘बीमएनजी ड्राइव्ह’मध्ये गाड्यांची नावे काल्पनिक आहेत, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. त्यात गाडी म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या लवचिक दांड्यांचा सांगाडा असतो. दांडी मर्यादेपलीकडे दबली की वाकलेलीच राहते, त्याहून ताणली की तुटते. चेसिस वाकली की दार लागत नाही, हे तिथे कोणी वेगळे लिहून ठेवलेले नाही. ते आपोआप घडते.

पैशाचा हिशेब

सायबर कॅफेच्या काळात वाढलेल्या पिढीने दुरुस्तीचे बिल पहिल्यांदा पाहिले ते बहुधा ‘रोड रॅश’मध्ये (१९९१). तो दुचाकींचा गेम, पण नियम पुढे सगळीकडे गेला तोच : गाडी मोडली तर बिल, पोलिसाने धरले तर दंड, आणि खिशात तेवढे पैसे नसतील तर खेळ खलास. ‘कार्मागेडन’मध्ये (१९९७) शर्यत चालू असतानाच कळ दाबून गाडी सरळ करता येई, पत्रा जसजसा जागेवर येई तसतसे पैसे उतरत. ‘नीड फॉर स्पीड’ मालिकेत १९९९ च्या ‘हाय स्टेक्स’ने धडकेचे बिल कारकिर्दीच्या हिशेबात आणले. २००० च्या पोर्शेवरील भागात गाडी विकायच्या आधी दुरुस्त केली की जास्त भाव येई. २००७ च्या ‘प्रोस्ट्रीट’मध्ये हलके, भारी आणि ‘टोटल’ अशा पायऱ्या होत्या आणि पैशाऐवजी वापरता येतील असे दुरुस्तीचे टोकनही मिळे. ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ (२००५) शर्यत संपली की बक्षिसातूनच खर्च कापून घेई. हिशेबाला ही पद्धत सर्वांत सोपी, आणि खेळाडूच्या जिवाला सर्वांत लागणारी.

बिलाचे सूत्र सहसा साधे असते : गाडीची किंमत × इजेची टक्केवारी × एक गुणक. समजा गाडी ४,००,००० क्रेडिटची (गेममधल्या पैशांची) आहे आणि गुणक ०.१. म्हणजे पूर्ण चेपलेल्या गाडीचे बिल ४०,०००. पहिल्या नंबराला १५,०००, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला ७,५०० असे बक्षीस आहे. धक्काबुक्की करत पहिला आलेला खेळाडू ३० टक्के इजा घेऊन आला तर १२,००० कापले जाऊन हाती ३,००० उरतात. कोणाला न लागता तिसरा आलेल्याकडे अख्खे ७,५०० राहतात. डिझायनरला हवे असते ते हेच. गुणक ०.०२ केला तर तेच बिल २,४०० वर येते आणि सगळे पुन्हा ठोकाठोकीला लागतात. ०.२ केला तर बिल २४,०००, म्हणजे जिंकूनही ९,००० चा खड्डा.

हा खड्डा सर्वांत जास्त बाधतो तो नवशिक्याला, कारण ठोकतो तोच. पैसे नाहीत म्हणून गाडी अर्धवट दुरुस्त, अर्धवट गाडी म्हणून मागचा नंबर, मागचा नंबर म्हणून पैसे नाहीत. यावर तीन-चार उतारे रूढ आहेत. बिल बक्षिसापेक्षा जास्त होऊच द्यायचे नाही. सुरुवातीची स्वस्त गाडी कायम फुकट दुरुस्त करून द्यायची. दुसऱ्याची गाडी चालवून पैसे मिळवायची सोय ठेवायची. सर्वांत सोपा उतारा म्हणजे खर्चच काढून टाकायचा. ‘बर्नआउट पॅराडाइज’मध्ये (२००८) गॅरेजमधून गाडी नुसती आरपार नेली की ती नवी होते, पैसे शून्य. ‘नीड फॉर स्पीड हीट’मध्ये (२०१९) पेट्रोल पंपावर दुरुस्ती फुकट, पण रात्रीच्या एका फेरीत तीनदाच, पोलीस मागे असताना तिसरी दुरुस्ती कधी वापरायची यावरच डाव फिरतो. पैसे न घेताही दुरुस्ती महाग कशी करता येते, याचा इतका सुटसुटीत नमुना दुसरा नाही.

‘ग्रॅन टुरिस्मो ७’मध्ये (२०२२) वाट वेगळी आहे. धडकेची इजा शर्यतीपुरती राहते आणि तिचे बिल येत नाही. पैसे लागतात ते झिजेला : ऑइल बदलणे, इंजिन ओव्हरहॉल करणे आणि बॉडीचा कणखरपणा परत आणणे. किलोमीटर वाढले की ताकद घटत जाते, म्हणून जुनी गाडी शर्यतीत मंद वाटू लागली तर ट्यूनिंगचे महाग भाग घेण्याआधी ऑइल पाहावे.

गाडी मागे नेऊन चुकलेला क्षण पुसण्याची सोय (‘ग्रिड’, २००८; ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ३’, २००९) आल्यावर बिलाचा धाक बराच गेला. धडक झाली की मागे जायचे, मग बिल कसले? ‘ग्रिड’ने ती मोजून दिली म्हणून तिथे थोडी किंमत राहिली.

वेळेत वसूल होणारी दुरुस्ती

रॅलीच्या गेममध्ये पैशाची जागा मिनिटे घेतात. ‘कॉलिन मॅक्रे रॅली’त (१९९८) टप्प्यांच्या मध्ये सर्व्हिससाठी मोजकाच वेळ मिळे आणि प्रत्येक कामाला ठरावीक मिनिटे लागत. सगळे बसणार नाही हे गृहीतच. अशा वेळी क्रम असा लावावा : आधी स्टिअरिंग आणि सस्पेन्शन, मग गिअरबॉक्स, मग इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा, आणि पत्रा सर्वांत शेवटी. वाकड्या बॉनेटने वेळ जात नाही, ओढणाऱ्या चाकाने प्रत्येक वळणावर जातो. पुढचा टप्पा रात्रीचा असेल तर दिवे सगळ्यांच्या आधी.

सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या शर्यतीची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रकारात पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत) उभे राहण्याचा वेळ हीच किंमत. ‘आयरेसिंग’मध्ये दुरुस्तीचे दोन भाग असतात : सक्तीची आणि ऐच्छिक. सक्तीची संपेपर्यंत थांबावेच लागते, ऐच्छिक अर्ध्यात सोडून निघता येते. शिवाय प्रत्येक धडकेमागे गुण चढतात, जोराच्या धडकेला चार, आणि त्यातून सुरक्षिततेचे मानांकन घसरते. तिथे खरे बिल हेच. ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’मध्ये बॉडी आणि सस्पेन्शन यांची दुरुस्ती वेगवेगळी निवडता येते आणि किती सेकंद लागतील ते आधीच पडद्यावर दिसते.

पिटमध्ये जावे की नाही, याचा हिशेब बोटांवर होतो. पिट लेनमधून जाण्यात २५ सेकंद आणि दुरुस्तीला ३० सेकंद, म्हणजे ५५. इजेमुळे प्रत्येक फेरीला दीड सेकंद जात असेल, तर १२ फेऱ्या उरल्या असताना नुकसान १८ सेकंदांचे : तसेच दामटावे. ४० फेऱ्या उरल्या असतील तर ६० सेकंद जातील, म्हणून आत जावे. पेट्रोल-टायरसाठी आत जायचेच असेल तर २५ सेकंद हिशेबातून वगळायचे. मग २० च्या वर फेऱ्या उरल्या असतील तरी दुरुस्ती परवडते. एक मात्र चुकते बऱ्याच जणांचे : धडकेनंतरच्या पहिल्या फेरीवरून ठरवतात. ती फेरी घाबरून सावकाश मारलेली असते. दुसऱ्या फेरीचा वेळ धरावा.

उद्यमनगरचे इस्टिमेट आणि गेमचे बिल

खऱ्या गाडीचे बिल भागवार येते. फिटिंग खोलणे, पत्रा ओढून-ठोकून जागेवर आणणे, लांबी (पुट्टी) भरणे, पाणी मारून घासणे, प्रायमर, रंग, वरून क्लिअर कोट. प्रत्येकाची मजुरी वेगळी, आणि सुकायला लागणारा वेळ वेगळा. विमा असेल तर घसाऱ्याचा, म्हणजे भाग जुना झाला म्हणून विमा कंपनी कापते त्या रकमेचा, आणखी एक थर चढतो. साध्या, म्हणजे घसारामाफी नसलेल्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा, काचेवर शून्य, आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार : तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के. रंगाच्या एकत्रित बिलात २५ टक्के रक्कम साहित्याची धरतात आणि तिच्यातली निम्मी कापतात.

समजा साडेतीन वर्षांच्या, १,५०० सीसीच्या आतल्या गाडीचे इस्टिमेट असे आले : बंपर ६,०००, बॉनेट १२,०००, रंगकाम ८,०००. एकूण २६,०००. विमा देणार बंपरचे ३,०००, बॉनेटचे ९,०००, रंगाचे ७,०००. या १९,००० मधून सक्तीची वजावट १,००० गेली की १८,०००. उरलेले ८,००० मालकाच्या खिशातून, आणि पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमाकृत मूल्याच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी ‘टोटल लॉस’, म्हणजे पूर्ण बाद.

यातला बराचसा भाग गेममध्ये येत नाही. गाडी गॅरेजमध्ये असताना जाणारे दिवस, सुट्या भागाची वाट पाहणे, रंगाची छटा न जुळणे, आणि समोरच्याच्या गाडीचे पैसे : शर्यतीच्या गेममध्ये यांपैकी शेवटचे तर जवळपास कुठेच मोजत नाहीत. ‘बीमएनजी’च्या कारकीर्द प्रकारात विमा, हप्ता, वजावट आणि दुरुस्तीला लागणारा वेळ या गोष्टी आल्या आहेत; इस्टिमेटच्या सर्वांत जवळ जाणारा नमुना सध्या तोच.

कोल्हापुरात खेळताना

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्यांमधून मोटारींच्या भागांची कास्टिंग बाहेर पडतात आणि शहरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग (छोट्या, उघड्या शर्यतगाड्यांचा) ट्रॅकही आहे, त्यामुळे इंजिन ब्लॉक किंवा टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारी दांडी) म्हणजे काय हे इथल्या मुलांना पडद्यावर शिकावे लागत नाही. कार्टला सस्पेन्शन नसते. टायरच्या भिंतीवर आदळले की टाय रॉड किंवा मागचा एक्सल वाकतो आणि सरळ रस्त्यावरही हातातले स्टिअरिंग तिरके धरावे लागते. गेममध्ये सस्पेन्शनची इजा चालू ठेवून फोर्स फीडबॅकच्या (गाडीची ओढ हाताला जाणवून देणाऱ्या) स्टिअरिंगवर खेळले तर हीच ओढ जाणवते. साध्या कंट्रोलरवर ती कळत नाही, गाडी नुसती ‘मंद’ वाटते आणि खेळाडू उगाच टायरला दोष देतो.

तासाच्या दराने गेमिंग कॅफेत बसणाऱ्यांनी पूर्ण डॅमेज लावू नये. पहिल्याच वळणावर गाडी बसली तर भाडे चालू आणि शर्यत बंद. मित्रांत स्पर्धा लावायची असेल तर यांत्रिक इजा मध्यम, गाडी मागे नेण्याची सोय बंद आणि भिंत घासल्यास वेळेचा दंड, एवढे पुरते. सुरुवात थांबलेल्या रांगेतून न करता चालत्या गाड्यांनी केली की पहिल्या वळणावरची गर्दी कमी होते. दहाच्या वर गाड्या असतील तर पहिल्या फेरीपुरते डॅमेज माफ ठेवण्याची सोय गेममध्ये आहे का ते पाहावे. नसेल तर पहिल्या फेरीत धडक झाल्यास शर्यत पुन्हा सुरू करायची, हे आधीच ठरवून घ्यावे; गाडी चेपल्यावर हा विषय काढला की निम्मे गडी तयार होत नाहीत.