गार्सिया लाखो, घराणं मात्र एक नव्हे

कोलंबियाचा नोबेलविजेता कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केझ याची पुस्तकं आपल्याकडच्या ग्रंथालयांत बहुधा 'म'च्या कपाटात लावलेली असतात. वर्तमानपत्रंही त्याला बिनदिक्कत मार्केझ म्हणतात. खरं तर त्याचं आडनाव गार्सिया. मार्केझ हे आईकडून आलेलं दुसरं आडनाव. स्पेनमध्ये आणि स्पॅनिश बोलणाऱ्या बहुतेक देशांत माणूस दोन आडनावं लावतो. आधी वडिलांचं पहिलं, मग आईचं पहिलं. लग्न झालं म्हणून बाई आपलं आडनाव टाकत नाही.

एवढं ऐकलं की पुष्कळांना वाटतं, वा, तिकडे आईचा वंशही नावातून पुढे चालतो! तसं काही नाही. आईचं जे आडनाव मुलाला मिळतं ते तिला तिच्या वडिलांकडून आलेलं असतं, आणि पुढच्याच पिढीत ते गळतं. या लेखकाची मुलं 'गार्सिया बार्चा' झाली, कारण बायको बार्चा. मार्केझ तिथेच संपलं. पिढ्यानपिढ्या टिकत आलं ते बापाकडचं पहिलं आडनाव. आणि बापाकडून मुलाकडे सरळ रेषेत जाणारी आणखी एक गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे, ती म्हणजे वाय गुणसूत्र. या दोघांची सांगड कुठे बसते आणि कुठे सुटते, यात मला स्पॅनिश आडनावांची सगळी गंमत दिसते.

स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या यादीत वरची दहा आडनावं अशी: गार्सिया, रोद्रिगेझ, गोन्झालेझ, फर्नांडेझ, लोपेझ, मार्टिनेझ, सांचेझ, पेरेझ, गोमेझ, मार्टिन. पहिलं आडनाव गार्सिया असलेले चौदा लाखांहून जास्त, म्हणजे शंभरातले तिघे. ही दहा मिळून साधारण सहातला एक स्पॅनिश माणूस येतो. दहातल्या आठांना 'एझ' ही शेपटी आहे, आणि तिचा अर्थ 'अमक्याचा मुलगा'. मार्टिनेझ म्हणजे मार्टिनचा, पेरेझ म्हणजे पेद्रोचा, सांचेझ सांचोचा. उरलेली दोन, गार्सिया आणि मार्टिन, हीसुद्धा मुळात माणसांची पाळण्यातली नावं. त्यांना शेपटी लागली नाही इतकंच. नवव्या-दहाव्या शतकात उत्तर स्पेनमधल्या नव्हारच्या गादीवर गार्सिया नावाचे राजे होऊन गेले आहेत. थोडक्यात, वरची दहाच्या दहा आडनावं कुणा ना कुणा बापाची नावं आहेत.

ही शेपटी सुरुवातीला दर पिढीला बदलायची. स्पेनचा गाजलेला योद्धा एल सिद (मृत्यू १०९९) याचं नाव रोद्रिगो दिआझ. दिआझ का? तर बापाचं नाव दिएगो. बाप दिएगो लाइनेझ, कारण आजा लाइन. आजा लाइन नुन्येझ, कारण पणजा नुन्यो. एल सिदचा मुलगा दिएगो रोद्रिगेझ. चार पिढ्या, चार वेगळी 'आडनावं', रक्त एकच. आपण वडिलांचं नाव मधे लावतो, अगदी तसंच हे. कल्पना करा, की महाराष्ट्रात एका विशिष्ट काळी सगळ्यांची मधली नावं गोठवली आणि हुकूम निघाला: आता हेच तुमचं आडनाव, नातवंडा-पतवंडांनीही हेच लावायचं. स्पेनमध्ये साधारण असंच झालं, फक्त एका दिवसात नाही. तेराव्या शतकापासून पुढची तीनेकशे वर्षं ही गोठण चालली. टोलेडोचे आर्चबिशप सिस्नेरोस यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या ठेवायला लावल्या, १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर नोंदी सगळीकडे पसरल्या, आणि १८७० च्या नागरी नोंदणी कायद्याने दोन आडनावांची पद्धत सरकारी झाली.

'एझ' नेमकं आलं कुठून यावर भाषाशास्त्रज्ञांचे वाद आहेत. मध्ययुगीन लॅटिन दस्तऐवजांत 'रोदेरिकी' असं षष्ठीचं रूप भेटतं, तिथून ते आलं असं पुष्कळांचं म्हणणं. काही जण उत्तर स्पेनमधल्या बास्क भाषेकडे बोट दाखवतात. ज्या नावांना ती शेपटी लागली त्यांतली बरीच जर्मानिक आहेत, अरबांच्या आधी स्पेनवर राज्य केलेल्या व्हिसिगॉथ टोळ्यांची. रोद्रिगोमध्ये 'कीर्ती' आणि 'सत्ता' असे दोन शब्द आहेत. लोपेझ मात्र लॅटिन 'लुपुस'वरून, म्हणजे लांडगा. इंटरनेटवर 'तुमच्या आडनावाचा अर्थ' सांगणारे लोक इथे लगेच लांडग्याचं चित्र लावून मोकळे होतात: लोपेझ घराणं शूर, कळपात राहणारं, निष्ठावान! अहो, लोपेझ म्हणजे लोपे नावाच्या कुणा शेतकऱ्याचा मुलगा. त्या शेतकऱ्याने आयुष्यात लांडगा पाहिला होता की नाही, देव जाणे. घराण्याची ढाल, म्हणजे मानचिन्ह, छापलेले कप विकणारी दुकानंही याच जातकुळीची. ढाल एखाद्या सरदाराला मिळायची, आडनावाला नाही.

बाकीचे प्रकार झटपट सांगतो. गावावरून: टोलेडो, मेदिना, किंवा टेनिसवाल्या कार्लोसचं आल्काराझ, जे आल्बासेते प्रांतातलं एक गाव आहे. धंद्यावरून: एर्रेरो म्हणजे लोहार, सापातेरो म्हणजे चांभार (या आडनावाचा पंतप्रधानही होऊन गेला). अंगावरून: मोरेनो सावळा, रुबिओ सोनेरी केसांचा, काल्वो टकल्या. अरबी राजवटीची खूण: आल्कांतारा, म्हणजे पूल. आणि एक्स्पोसितो, म्हणजे अनाथालयाच्या दारात सोडलेलं मूल. हे शेवटचं लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

बास्क प्रदेशात माणसाला घराचं नाव लागायचं. 'एचे बेर्री' म्हणजे नवं घर. त्यावरून एचेवेर्रिया, आणि त्याच शब्दावरून नव्हारमधल्या एका गढीचं नाव पडलं हाविएर, आपण म्हणतो ते झेवियर. त्या गढीत १५०६ साली जन्मलेला फ्रान्सिस १५४२ मध्ये गोव्यात उतरला. मुंबईच्या कॉलेजापासून बार्देशातल्या पोरांपर्यंत जे झेवियर पसरलं, ते मूळचं एका वास्तूचं नाव. या संताच्या वडिलांचं आडनाव हास्सो, आईचं आस्पिल्कुएता. एक भाऊ आईचं आडनाव लावायचा, दुसरा गढीचं. गोठण पूर्ण व्हायच्या आधी सख्ख्या भावांची आडनावं अशी तीन दिशांना जात.

आता माझ्या आवडीचा भाग. इंग्लंडमध्ये १८७३ साली फ्रान्सिस गॉल्टन यांनी एका नियतकालिकात कोडं घातलं: नामांकित घराण्यांची आडनावं इतकी भराभर नष्ट का होतात? त्यांच्यात काही दोष असतो, की हा नुसता नशिबाचा खेळ? हेन्री वॉटसन नावाच्या पाद्रीबुवांनी ते गणितात बसवलं आणि १८७४ मध्ये दोघांनी मिळून लेख लिहिला.

समजा, एखाद्या आडनावाचा एकच मूळपुरुष आहे. अशा समाजातल्या कुठल्याही पुरुषाला मुलगा न होण्याची शक्यता १/४, एक होण्याची १/४, दोन होण्याची १/२. सरासरी सव्वा मुलगा, म्हणजे लोकसंख्या वाढते आहे. आडनाव कधी ना कधी बुडण्याची शक्यता 'क्ष' धरू. ते बुडायचं तर तीनच वाटा. मुलगाच झाला नाही, १/४. एक झाला आणि त्याची शाखा बुडाली, क्ष/४. दोन झाले आणि दोघांच्याही शाखा बुडाल्या, क्ष²/२. म्हणून

क्ष = १/४ + क्ष/४ + क्ष²/२

हे वर्गसमीकरण दहावीतलं. सोडवलं की दोन उत्तरं येतात: १ आणि १/२. वॉटसन यांना १ दिसलं आणि त्यांनी जाहीर केलं, की प्रत्येक आडनाव बुडणारच. दुसऱ्या उत्तराकडे त्यांनी पाहिलंच नाही, आणि खरं उत्तर तेच. पहिल्या पिढीत बुडण्याची शक्यता २५ टक्के, दुसरीपर्यंत ३४, तिसरीपर्यंत ३९.५, असं करत आकडा ५० कडे सरकतो आणि तिथेच अडतो. धोका सगळा सुरुवातीला. शाखा एकदा फुटल्या की आडनाव सहसा मरत नाही. (१९२७ मध्ये जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी हेच गणित नव्या उत्परिवर्तनाला लावलं. फायद्याचं जनुकही पहिल्या काही पिढ्यांत निव्वळ कमनशिबाने नाहीसं होऊ शकतं, हे त्यातून कळलं. हे हाल्डेन पुढे भारतात येऊन राहिले.)

सरासरी नेमकी १ असली, जी मध्ययुगाच्या जास्त जवळची, तर चित्र फार कठोर होतं. एकच उत्तर उरतं, ते म्हणजे १. मुलग्यांची संख्या यदृच्छेने वाटली तर वीस पिढ्यांत, म्हणजे सुमारे सहाशे वर्षांत, एकेकट्या मूळपुरुषाची दहातली नऊ आडनावं संपतात. पण मूळपुरुष हजार असतील तर? मार्टिन नावाचे बाप गावोगाव होते आणि प्रत्येकाचा मुलगा स्वतंत्रपणे मार्टिनेझ झाला. हजारातल्या नऊशे शाखा बुडाल्या तरी शंभर उरतात, आणि आडनाव ऐटीत उभं राहतं. म्हणून वरच्या दहांत सगळी बापांची नावं आहेत. हे लोक जास्त शूर किंवा जास्त पोरांचे होते असं मुळीच नाही; त्यांची आडनावं फार वेळा जन्मली.

याचा पडताळा वाय गुणसूत्र देतं. त्याचा बहुतेक भाग बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा जातो. फक्त काही ठिकाणी छोटा मजकूर ओळीने बारा-तेरा वेळा लिहिलेला असतो आणि नक्कल करताना कधीतरी एखादी आवृत्ती कमी-जास्त होते. अशा जागांवरचे आकडे जुळले तर दोन पुरुषांचा समान पूर्वज जवळचा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधल्या एका अभ्यासात हेच दिसलं: दुर्मीळ आडनावाच्या पुरुषांचे आकडे एकमेकांशी बरेच जुळतात, सर्रास आडनावाच्या पुरुषांचे जुळत नाहीत. म्हणजे दोन गार्सिया समोरासमोर आले तर त्यांचं नातं रस्त्यावरच्या कुठल्याही दोन स्पॅनिश माणसांइतकंच. एक्स्पोसितोचंही तसंच. दर टाकलेल्या पोराबरोबर त्या आडनावाला नवा मूळपुरुष मिळत गेला.

नाव आणि गुणसूत्र यांची वाट मधेच फुटते ती वेगळीच. त्याच गार्सिया मार्केझचं उदाहरण घ्या. त्याचे वडील लग्नाबाहेर जन्मले. त्यांच्या वडिलांचं आडनाव मार्टिनेझ, पण मुलाला लागलं ते आईचं, गार्सिया. नोबेल मिळालं गार्सियाला, वाय गुणसूत्र मार्टिनेझचं.

वसाहतींत तर ही फूट घाऊक झाली. फिलिपिन्सचा गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया याने १८४९ मध्ये हुकूम काढला, की प्रत्येक कुटुंबाने आडनाव ठरवून घ्यावं. करवसुलीला ते सोयीचं. त्यासाठी साठेक हजार आडनावांची वर्णानुक्रमे छापलेली यादी गावोगाव वाटली. कुठे एका गावाला यादीची ठराविक पानंच गेली आणि सगळ्या गावाची आडनावं एकाच अक्षराची झाली. गोव्यातली फर्नांडिस, रॉड्रिग्ज, लोपिस ही याच कुळातली, पण पोर्तुगीज वळणाची, म्हणून 'एझ'ऐवजी 'एस'. ती बहुतेकांना बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याकडून किंवा पाद्र्याकडून मिळाली. तेव्हा फर्नांडिस दिसला की 'पोर्तुगीज वंशाचा' म्हणणं साफ चूक. मंगळूरच्या काही कॅथलिक घरांत जुनं प्रभू, कामत हे अजून ठाऊक असतं.

२०१५ मध्ये स्पेनने पंधराव्या शतकात हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देण्याचा कायदा केला, तेव्हा 'ही हजारो आडनावं ज्यूंची, तुमचं आहे का बघा' अशा याद्या सगळीकडे फिरल्या. कायद्यात अशी यादी नव्हतीच. धर्म बदललेल्या ज्यूंनी शेजाऱ्यांसारखीच पेरेझ, रोद्रिगेझ ही आडनावं घेतली होती. नुसत्या नावावरून त्यांना वेगळं काढणार कसं?

जून २०१७ पासून स्पेनमध्ये वडिलांच्या आडनावाचा पहिला मान कायद्याने गेला. क्रम आईबापांनी ठरवायचा, जमलं नाही तर नोंदणी अधिकारी ठरवतो, आणि पहिल्या मुलाचा क्रम पुढच्या भावंडांनाही लागतो. दुर्मीळ आडनावं आता वाचतील अशी आशा काहींना वाटते. गॉल्टन-वॉटसनच्या हिशोबात घालून बघा. स्पेनमध्ये आज दर बाईमागे मुलं १.१ च्या आसपास. जुन्या नियमात आडनाव पुढे नेणारे मुलगे त्याच्या निम्मे. नव्या नियमात मुलगी किंवा मुलगा कुणीही आडनाव नेऊ शकतं, पण दोन आडनावांतलं एकच पुढे येणार, म्हणून पुन्हा निम्मे. सरासरी जागची हलत नाही, ती १ च्या खूप खाली आहे. फायदा एवढाच, की ज्या घरात फक्त मुली आहेत ते घरही आता मोजणीत येतं. गार्सियांची चिंता नको; ते लॅटिन अमेरिकेतून विमानाने येत राहतात.