मृग जागेवरच आहे, पीक बदललं

पोळा कधी ऑगस्टात येतो, कधी सप्टेंबरात. मृग मात्र दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच लागतो. सण तिथीवर, म्हणजे चंद्रावर चालतात आणि चांद्रवर्ष ११ दिवसांनी लहान असतं. पावसाची नक्षत्रं जुन्या लोकांनी सूर्यावर बांधली. सूर्याच्या वाटेचे २७ भाग केले, एकेकाच्या वाट्याला १३-१४ दिवस आले. पृथ्वीचा आस सावकाश फिरतो म्हणून ही घडीही ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. शिवकाळातला मृग आजच्या कॅलेंडरच्या हिशेबाने चार-पाच दिवस आधी लागत असे.

या चौकटीत म्हणी बसल्या. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती'. स्वाती लागते २३-२४ ऑक्टोबरला. तेव्हा हरभरा, गहू, रब्बी ज्वारी नुकती जमिनीत असते किंवा पडायची असते, म्हणून त्या पिकांना ही म्हण तंतोतंत लागू. पऱ्हाटीला नाही. तिची बोंडं फुटलेली, पहिली वेचणी चालू. भिजलेल्या कापसाची कवडी होते, म्हणजे तो डागाळतो, आणि भाव पडतो. सोयाबीन तर विदर्भात गेल्या चारेक दशकांत पसरलं, त्याची सोंगणी (कापणी) नेमकी हस्त नक्षत्रात, सप्टेंबरअखेरीस येते. गंजी भिजली की शेंगेतच कोंब फुटतात. म्हण करणाऱ्याच्या धुऱ्यावर हे पीक नव्हतंच, त्याला दोष कशाला?

नक्षत्रांच्या वाहनांचं मात्र वेगळं. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला एक प्राणी वाहन म्हणून देतात आणि त्यावरून पावसाचं भाकीत करतात. सूर्याच्या नक्षत्रापासून, ते लागतं त्या दिवशीच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, ९ ने भागायचं. बाकी ३ उरली तर बेडूक, २ तर कोल्हा, शून्य तर हत्ती. यात वारा नाही, ढग नाही, नुसता भागाकार. गडचिरोलीत बुलडाण्याच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो, तरी दोघांना बेडूक एकच!

खरी फसगत होते ती मृगाच्या पहिल्या सरीने. वरची दोन-तीन इंच माती ओली, खाली भट्टी. दाणा उगवतो, मग दहा दिवसांचा खंड पडतो आणि दुबार पेरणी बोकांडी बसते. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आल्यावरच तिफण (पेरणीचं अवजार) धरावी. वीतभर खालची माती मुठीत दाबून कमरेच्या उंचीवरून सोडायची: गोळा फुटला तर वाफसा, चपटा होऊन पडला तर थांबा. सोयाबीन ३ ते ५ सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये, वर निघत नाही.

पाऊस मोजायला सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा डबा झाडाछपरापासून दूर ठेवला आणि सकाळी पट्टी घातली तरी भागतं. एक मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी. बादली नको. तिचं तोंड रुंद, बूड अरुंद. त्यामुळे पाऊस पडला त्याहून जास्त दिसतो आणि तिफण दोन दिवस आधीच वावरात उतरते.