‘वर्केशन’ कोरोनात जन्मलेलं नाही

‘वर्केशन’ म्हणजे सुट्टीच्या ठिकाणी राहून तिथूनच ऑफिसचं कामही करणं. हा शब्द कोरोनाकाळात जपान्यांनी घडवला, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. वर्क आणि व्हेकेशनची ही जोडणी मूळ इंग्रजीतली आणि कोरोनाच्या आधीची. जपानी तोंडात तिचं ‘वाकेशोन’ झालं. जपान एअरलाइन्सने 2017 मध्येच ही सोय सुरू केली, कारण कर्मचारी हक्काची भरपगारी रजासुद्धा घेत नव्हते! वाकायामा प्रांतानेही त्याच वर्षी शिराहामासारख्या गरम झऱ्यांच्या, पांढऱ्या वाळूच्या गावी लॅपटॉप घेऊन या, असं कंपन्यांना आवतण दिलं.

मग गोंधळ कुठे झाला? जुलै 2020 मध्ये पर्यटन सावरायला सरकारने, विशेषतः तेव्हाचे मुख्य कॅबिनेट सचिव योशिहिदे सुगा यांनी, वर्केशनचा पुरस्कार केला आणि शब्द घरोघरी पोचला.