हेल्मेटवरची नाइट व्हिजन आणि थर्मल (रात्रीची शिकार)

डोक्यावरच्या हलक्या हेल्मेटला पुढून अडकवलेली, डोळ्यासमोर खाली ओढता येणारी आणि नको तेव्हा वर ढकलता येणारी दुर्बीण वापरून अंधारात जनावर शोधण्याची, त्याच्यापर्यंत चालत जाण्याची आणि मारण्याची पद्धत. ती सगळ्यात जास्त रुजली अमेरिकेत, त्यातही टेक्सासमध्ये, रानडुकरांच्या शिकारीत. दुर्बीण म्हटलं तरी ती काहीच मोठं करून दाखवत नाही, एकास एकच दाखवते, कारण मोठं दिसायला लागलं तर माणूस दुसऱ्याच पावलाला ठेचकाळेल.

नाइट व्हिजन आणि थर्मल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बोलताना सर्रास एक केल्या जातात. नाइट व्हिजन चांदण्यांचा किंवा चंद्राचा जो थोडाफार उजेड असतो तोच हजारो पटींनी वाढवते. थर्मलला उजेड लागतच नाही, ते अंगातून निघणारी उष्णता बघतं, साधारण ८ ते १४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या लहरी. म्हणून मिट्ट काळोखातही डुक्कर पांढरंशुभ्र दिसतं, पण गाडीच्या बंद काचेतून काहीच दिसत नाही, कारण साधी काच या लहरी अडवते. थर्मलची भिंगं त्यासाठीच जर्मेनियमची करतात.

आता उगम. यावर बरीच ओढाताण आहे. इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी हंगेरीच्या काल्मान तिहान्यीचं नाव पहिलं येतं, १९२९ च्या सुमाराला त्याने ब्रिटनच्या विमानविरोधी संरक्षणासाठी अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्याला न दिसणारे) किरण टिपणारा टीव्ही कॅमेरा तयार केला म्हणून. ते काम मोठंच होतं पण तो कॅमेरा होता, डोळ्याला लावायची नळी नव्हे. आजच्या उपकरणाची वंशावळ लावायची तर ती नेदरलँड्समधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत होल्स्ट, डी बूर आणि सहकाऱ्यांनी साधारण १९३४ मध्ये केलेल्या नळीपाशी नेणं जास्त पटतं: पुढच्या काचेवर अवरक्त प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटायचे, ते मागच्या फॉस्फरवर, म्हणजे मार बसला की चमकणाऱ्या लेपावर, आपटायचे आणि चित्र उमटायचं. जर्मनीत एईजी आणि अमेरिकेत आरसीए या कंपन्या त्याच दशकात त्याच वाटेवर होत्या, त्यामुळे ‘पहिला कोण’ याचं उत्तर बऱ्याचदा सांगणाऱ्याच्या देशावर ठरतं. बंदुकीवर ही नळी चढली दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी. जर्मनांची ‘व्हॅम्पायर’ १९४४-४५ ची, शिपायाच्या पाठीवर सुमारे १३ किलोची बॅटरी, आणि अमेरिकनांची स्नायपरस्कोप १९४५ मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावर. दोन्हींना स्वतःचा अवरक्त दिवा लागायचा, म्हणजे समोरच्याकडे तसलीच दुर्बीण असेल तर तो दिवा त्याला लख्ख दिसणार.

यालाच नंतर शून्यावी पिढी म्हणायला लागले. पहिल्या पिढीत, व्हिएतनाममधल्या ‘स्टारलाइट’ स्कोपमध्ये, तीन नळ्या एकामागे एक लावून नुसत्या चांदण्यावर काम भागवलं. दुसऱ्या पिढीत मायक्रोचॅनल प्लेट आली, म्हणजे लाखो सूक्ष्म भोकांची काचेची चकती, एक इलेक्ट्रॉन भोकात शिरला की भिंतीवर आपटत आपटत बाहेर पडेपर्यंत त्याचे हजार होतात. नळी त्यामुळे इतकी आखूड झाली की ती डोक्यावर बसवणं शक्य झालं, आणि १९७० च्या दशकात पीव्हीएस-५ हा गॉगल आला, तोंडभर बसणारा आणि बराच जड. तिसऱ्या पिढीत फोटोकॅथोड, म्हणजे उजेड पडला की इलेक्ट्रॉन सोडणारा पुढचा थर, गॅलियम आर्सेनाइडचा. ‘चौथी पिढी’ असं दुकानदार म्हणतात खरं, पण अमेरिकी लष्कराने ते नाव थोडे दिवस वापरून मागे घेतलं, त्या नळ्या तिसऱ्याच पिढीच्या, फक्त आतली संरक्षक फिल्म काढलेली. युरोपातले उत्पादक तर पिढ्यांची ही मोजणीच फारशी मानत नाहीत. शिकाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त दिसते ती पीव्हीएस-१४, एका डोळ्याची, साडेतीनशे-चारशे ग्रॅमची, ४० अंशांचं दृश्य गोलात दाखवणारी. चित्र पूर्वी हिरवं असायचं, आता पांढऱ्या फॉस्फरला मागणी आहे.

थर्मलचा इतिहास त्यामानाने अलीकडचा. आधीच्या सेन्सरना अतिथंड ठेवावं लागायचं. थंड न करता चालणारा मायक्रोबोलोमीटर (उष्णता टिपणाऱ्या बारीक ठिपक्यांचा सेन्सर) हनीवेल कंपनीने १९८० च्या दशकात व्हॅनेडियम ऑक्साइड वापरून केला आणि तो १९९२ पर्यंत गुप्त होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा वेगळ्या पदार्थावरचा सेन्सर स्पर्धेत होता, पण पुढे जास्त चालला तो व्हॅनेडियमवाला. आजच्या चांगल्या सेन्सरमध्ये ६४० बाय ५१२ ठिपके असतात, प्रत्येक १२ मायक्रॉनचा.

प्रत्यक्षात काम वाटलेलं असतं. थर्मलने शोधायचं, नाइट व्हिजनने चालायचं आणि नेम बंदुकीवरच्या वेगळ्या थर्मल स्कोपने किंवा फक्त नाइट व्हिजनमध्ये दिसणाऱ्या अवरक्त लेझरने धरायचा. काहीजण एका डोळ्यावर नाइट व्हिजन आणि दुसऱ्यावर थर्मल लावतात, मेंदू दोन्ही चित्रं जुळवतो, निदान काही जणांचा जुळवतो, बाकीच्यांचं डोकं दुखतं. थर्मलमध्ये काटेरी कुंपणाची तार बहुतेक दिसतच नाही, कारण ती आजूबाजूच्या हवेइतकीच गार झालेली असते, आणि नाइट व्हिजनचा फोकस लांबवर ठेवला की पायाखालचं धूसर होतं, म्हणून फोकसची कडी सारखी फिरवत चालावं लागतं. सगळं वजन कपाळावर येऊन मान भरते, त्यावर उपाय म्हणून हेल्मेटच्या मागे बॅटरी किंवा शिशाची पिशवी लावतात. पाऊस पडून गेला की सगळं रान एकाच तापमानाला येतं आणि थर्मलचं चित्र मळकट होतं. सगळ्यात मोठा धोका ओळखण्यातल्या चुकीचा: लांबवरचा पांढरा ठिपका डुक्कर की वासरू हे थर्मल नीट सांगत नाही, आणि त्यामागे कोणाचं घर आहे हेही नाही.

रात्रच का, तर टेक्साससारख्या उन्हाळ्यात डुकराला फारसा घाम येत नाही म्हणून ते रात्रीच्या गारव्यात फिरतं, आणि दिवसा बंदुका मागे लागल्या की ते आणखीच रात्री हिंडतं. नुकत्याच पेरलेल्या मक्याच्या ओळीतून कळप दाणे उकरत शेवटपर्यंत जातो. डुकरं अमेरिकेत आणली स्पॅनिशांनी, नेहमी नाव घेतात ते १५३९ च्या मोहिमेच्या सरदाराचं, डी सोतोचं; टेक्सासमधली मात्र नंतर सुटलेली पाळीव डुकरं आणि १९३० च्या दशकात शिकारीसाठी सोडलेली युरोपी रानडुकरं यांची सरमिसळ आहे हे मत जास्त धरलं जातं. तिथे २०११ मध्ये हेलिकॉप्टरमधून पैसे भरून डुकरं मारायला मोकळीक मिळाली, २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की शिकारीचं लायसनही लागत नाही.

बाकी देशांत चित्र वेगळं. जर्मनीत बंदुकीच्या दुर्बिणीपुढे लावायच्या नाइट व्हिजनला शस्त्र कायद्याने शिकाऱ्यांसाठी २०२० मध्ये वाट दिली, मुख्यतः रानडुकरांमुळे, कारण आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग दारात होता. इंग्लंड-वेल्समध्ये खास परवान्याशिवाय हरणाला रात्री मारता येत नाही, कोल्ह्याला येतं.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारच बंद आहे, त्यामुळे आपल्याकडे हा छंद नाही. जुनी मचाण आणि बत्तीची शिकार यांच्याशी त्याचं नातं लावणं ओढूनताणून होईल. पिकाचं नुकसान करणारं रानडुक्कर मारायला मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. थर्मल मात्र इथेही पोचलंय, शोधापुरतं: यवतमाळच्या पांढरकवड्यात अवनी वाघिणीच्या मागावर थर्मल ड्रोन उडवले होते, आणि तिला गोळी लागली ती २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री.